ओंजळीतला मासा

"आणि हा कोण?"

दसारामबाबांनी शालिकच्या ओंजळीत पाण्यासकट एक पिल्लू सोडलं.

त्याआधी शालिकनं तीन घमेली भरली होती. एकात रोहू, एकात कटला, एकात मृगळ. सगळी पिल्लं नखाएवढी, सगळी चंदेरी. डोकं मोठं, तो कटला. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, तो मृगळ. पट्टा असला तर रोहू. शालिक एकदाही अडखळला नव्हता.

तळं मासेमारीवर जगणाऱ्या चाळीस ढीवर घरांचं. वर्षभराचे मासे त्यातच वाढायचे. बियाण्यात, म्हणजे तळ्यात सोडायच्या या पिल्लांत, मरळीची पिल्लं शिरली, तर ती बाकीच्यांना खाऊनच मोठी व्हायची आणि जाळं रिकामं यायचं. म्हणून बी निवडून सोडायचं काम एकाच माणसाकडे असे. साठ वर्षं ते दसारामबाबांकडे होतं. आता ते शालिकला हवं होतं.

रीत अशी, की निवडणाऱ्यानं तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायचं आणि मगच बी सोडायचं. पुढे निवड खोटी निघाली, तर त्यानं पुन्हा जाळ्याला हात लावायचा नाही.

"हा..." शालिक थांबला.

"काय रे मास्तर," बांधावरून भागरताबाई ओरडली, "मासा वाचून राहिला का?"

तिच्याजवळ बसलेल्या बायका हसल्या. शालिकचे कान तापले.

"रोहू आहे जी."

"नक्की?"

"दहा दिवसांचं शिक्षण घेऊन आलो ना जी. रोहूच."

"मग सोड रोहूंत. आणि पाणी पी."

शालिक घमेल्यावर वाकला. ओंजळ तिरकी केली...

ऊन पाण्यात उतरलं. पिल्लू काचेसारखं आरपार होतं. तळहाताच्या रेषा त्याच्यातून दिसत होत्या. कल्ल्यांच्या मागे मोहरीहूनही लहान, लाल असं काहीतरी धडधडत होतं. थांबत नव्हतं.

ना ठिपका, ना पट्टा, ना मोठं डोकं. एवढासा जीव... आणि आपण कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

शालिकनं बोटं घट्ट मिटली. एक थेंबही गळू दिला नाही.

"नाही कळत, बाबाजी."

"मोठ्यानं बोल. भागरतेला ऐकू दे."

"नाही कळत!"

बांधावर कुणी हसलं नाही.

"तुम्ही सांगा जी. कोण आहे हा?"

दसारामबाबा ओंजळीवर वाकले. खूप वेळ बघत राहिले. त्यांच्या श्वासानं पाणी थरथरत होतं.

"मलाही नाही कळत," ते म्हणाले.

शालिक त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. साठ वर्षं...

म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरला. स्वतःची ओंजळ भरून वर आला. शालिकचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं ती शालिकच्या ओठांना लावली.

"पी. बी तूच सोडशील."

शालिक प्यायला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. हातातलं ते लाल अजून धडधडतच होतं.

"आणि याचं काय करू जी?"

"घरी ने. मडक्यात ठेव. मोठा झाला, की तोच सांगेल."