राणी बसेल ती जागा

एका राज्यात बसायच्या जागा पुष्कळ होत्या, आणि राणीला बसायला एकही नव्हती.

राजाचं नाव रत्नकेतू. गडी शूर. जे राज्य जिंकी, तिथून सोनंनाणं आणी नाही, राणीसाठी आसनं आणी. कुणाचं सिंहासन, कुणाचा हस्तिदंती पलंग, कुणाच्या लेकीचा पाळणा. महाल असा भरला की दासींना अंग चोरून चालावं लागे. राणी जाईवती हे सगळं पाही.

एकदा राजाने एका जादूगाराचा चंदनी मंचक उचलून आणला. म्हातारा जादूगार अनवाणी मागोमाग आला.

"राजा, माझी बायको शेवटची या मंचकावर निजली. तेवढा परत दे."

"जिंकलेलं परत देत नसतात," राजा म्हणाला.

"मग जिच्यासाठी हे साठवलंस, तिला तुझ्या घरात टेकायला जागा मिळणार नाही."

म्हातारा गेला, आणि राणी दिसेनाशी झाली. उरला तो तिच्या पैंजणांचा आवाज. या दालनातून त्या दालनात चालतो आहे, चालतो आहे, कुठे थांबत नाही. दर अवसेला एक घुंगरू गळून फरशीवर पडे. राजा ते उचली आणि उपरण्याच्या गाठीत बांधी. शेवटचं घुंगरू पडलं की आवाजही जाणार, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

सज्ज्याच्या तुळईवर एक साळुंकी येऊन बसे. ती एका सकाळी म्हणाली, "राजा, नुसता कान लावून काय बसतोस? तिच्यासाठी घर बांध. महाल नको, घर. त्यात तीन वस्तू ठेव. एक तुम्हा दोघांच्या आधीची, एक तिच्या वयाची, आणि एक अजून जगात न आलेली. हिसकावलेली एकही नको. मग तिच्या मनात आलं तर ती बसेल."

"मनात आलं तर?"

"तुला काय वाटलं, हुकमाने बसेल?"

राजाने नदीकाठी घर बांधलं. एक माजघर, एक पडवी, एक दार. मग तो वस्तू शोधायला निघाला. साळुंकी पुढे उडत होती, आणि मागे धुळीत पैंजणं वाजत होती. राणीला घरात बसायला जागा नव्हती, पण त्याच्या मागे चालायला कुणाची मनाई नव्हती. राजा वळून बघे. वाट रिकामी असे. तो हळू चालू लागे, म्हणजे तिला धाप लागू नये.

पहिली वाट बुडालेल्या नगरीची. पाण्याने बाजूला होऊन पायऱ्या दाखवल्या. तळाशी देवदाराचा एक पेटारा होता आणि त्यावर वेटोळं घालून एक नाग बसला होता.

"किती जुना आहे हा?" राजाने विचारलं.

"ज्यांनी घडवला, त्यांची भाषा आता कुणी बोलत नाही. उचल. मी अडवत नाही."

राजाने जोर लावला. पेटारा तसूभरही हलला नाही. नाग हसला. "तुमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देतात का रे?"

"नाही. चिमूटभर साखर तरी घालतात."

"मग एवढी घरं रिकामी केलीस, तिथे काय ठेवून आलास?"

राजा वर आला. त्याने प्रधानाला सांगितलं, ज्याचं आसन त्याच्या घरी पोचवा, आणि प्रत्येकावर धान्याचं एक मडकं भरून ठेवा. गाड्याच गाड्या निघाल्या. चंदनी मंचक मात्र राजाने स्वतःच्या डोक्यावर घेतला. जादूगाराने तो आपल्या हाताने उतरवून घेतला आणि बराच वेळ त्यावर तळवा टेकून उभा राहिला.

"सुटलेला शाप मला मागे घेता येत नाही," तो म्हणाला. "पण पाणी पिऊन जा."

राजा पाणी प्यायला आणि पुन्हा तळाशी उतरला. पेटाऱ्याच्या जागी त्याने मूठभर तांदूळ ठेवले. पेटारा काडीसारखा हलका झाला.

दुसरी वाट राणीच्या माहेरची. डोंगरपायथ्याचा लहानसा राजा, तिचा बाप, घोंगडी पांघरून अंगणात बसला होता.

"या जावईबापू. घर सापडलं म्हणायचं."

"मामासाहेब, रुखवतातला फणसाचा चौरंग हवा होता. ती जन्मली तेव्हा घडवलेला."

"कोणता? लग्नात आम्ही दिला, आणि तुमच्या शिपायाने दुसऱ्या दिवशी परत आणून टाकला, तो? असलं लाकूड महालात शोभत नाही, असा निरोप होता."

"निरोप माझाच होता."

"ठाऊक आहे. शिपाई बिचारा लाजत होता." म्हाताऱ्याने पायांखाली बोट दाखवलं. "हाच तो. पोर यावर न्हायची, यावरच रुसून बसायची. रिकामा बघवत नाही, म्हणून पाय ठेवून बसतो."

तेवढ्यात अंगणात पैंजणं वाजली. म्हाताऱ्याचा हात घोंगडीवर थांबला.

"ती आहे?"

"माझ्या मागे असते."

म्हाताऱ्याने पाय काढून घेतले. धोतराच्या सोग्याने चौरंग पुसला, कोपऱ्यांपर्यंत पुसला. "तिला एक विचारा," तो म्हणाला आणि थांबला. "नको. काही विचारू नका. न्या."

परतीच्या वाटेवर अवस आली. घुंगरू पडलं. आता एकच उरलं.

तिसरी वाट रानाची. साळुंकीने शिवणीचं एक झाड दाखवलं. "याचा झोपाळा कर." सुतारांच्या रीतीप्रमाणे राजाने संध्याकाळी बुंध्याला सूत गुंडाळलं, अक्षता वाहिल्या आणि म्हटलं, "इथे जे कुणी राहत असेल, त्याने कृपा करून दुसरीकडे जावं." सकाळी त्याने कुऱ्हाड उचलली.

"मी जाईन," साळुंकी वरून म्हणाली, "पण पिल्लांना पंख फुटले नाहीत."

"तुझं घरटं इथे आहे?"

"नाहीतर एवढ्या रानात मला हेच झाड कसं ठाऊक असतं?"

"साळुंके, अवस जवळ आली. एकच घुंगरू आहे."

"ते मलाही ऐकू येतं. कुऱ्हाड तुझ्या हातात आहे."

राजाने बुंध्याभोवती फिरणारा तो एकुलता नाद ऐकला. वर चोची किलबिलत होत्या. त्याने कुऱ्हाड गवतात ठेवली आणि झाडाखाली बसला. जन्मात कुणासाठी थांबला नव्हता, तो थांबला.

अवस आली. पाचोळ्यात काहीतरी पडलं, आणि नाद थांबला. राजाने पाचोळा चाचपून घुंगरू शोधलं, गाठीत बांधलं. पिल्लं उडेपर्यंत तो तिथेच राहिला. मग झाडाच्या पाया पडून त्याने ते तोडलं, आणि कुणासाठी ते मनाला न विचारता आपल्या हाताने झोपाळा केला. फळी जरा तिरकी झाली.

घरात त्याने पेटारा भिंतीशी ठेवला, चौरंग चुलीजवळ मांडला, झोपाळा माजघरात टांगला. टांगताना झोपाळा हलला, तसा त्याने तो हाताने थोपवला. रिकामा झोपाळा हलू देऊ नये, अशी त्या राज्यात समजूत. मग तो ऐकत उभा राहिला. घरात काहीच वाजत नव्हतं.

"साळुंके, यातल्या कशावर तिला बसायला आवडलं असतं?"

"मला काय विचारतोस? ती महालात कुठे बसायची?"

राजाने आठवून पाहिलं. दर स्वारीवरून तो परते, तेव्हा ती महालाच्या उंबरठ्यावर वाट बघत बसलेली असे. "राणीने तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये," एवढं म्हणून तो तिला ओलांडून आत जाई. आज त्याला उमगलं. साऱ्या महालात तेवढंच एक लाकूड कुणाच्या घरचं आणलेलं नव्हतं.

तो गेला आणि आपल्या घराच्या उंबरठ्यावर बसला, वाटेकडे तोंड करून, तिच्यासारखा. ऊन उतरलं. गुरं घरी गेली. वाटेवर कुणी आलं नाही. राजाने मनाशी म्हटलं, अशा किती संध्याकाळी ती बसली असेल.

तेवढ्यात मागे माजघरात झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या.

त्याने वळून पाहिलं नाही. त्याला धीरच झाला नाही.

"तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये, असं तुम्हीच म्हणत होतात ना?" जाईवती म्हणाली. "आत या. फळी तिरकी आहे, पण दोघांना पुरेल."

राजा आत गेला. झोपाळ्यावर ती पुन्हा दिसत होती. गाठ सोडून त्याने एकेक घुंगरू तिच्या पैंजणात ओवलं. त्या वर्षापासून ते राज्य कुणाचं आसन उचलायला बाहेर पडलं नाही, आणि साळुंकीने नवं घरटं पडवीच्या आढ्यात बांधलं.

राणी बसली, राजा बसला. कहाणी दमली होती, तीही तिथेच टेकली.