पेवाचा तळ

एका गावात एक कोठारी होता. गावाची सगळी ज्वारी एकाच पेवात असे आणि त्या पेवाची राखण त्याच्याकडे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. सुगीत ज्यानं त्यानं आपली ज्वारी त्यात टाकायची आणि अडीनडीला आपल्या वाट्याची काढून न्यायची.

आणखी एक रिवाज होता. दर वर्षी पावसाआधी कोठाऱ्यानं पेवात उतरून तळाची मूठभर ज्वारी वर आणायची आणि देवळासमोर सगळ्यांना दाखवायची. पण हा कोठारी इतका सरळ, की लोकच म्हणू लागले, "अहो, तुमच्यावर का आमचा भरवसा नाही? कशाला उगाच त्रास घेता?" झालं! रिवाज मोडला. भल्या माणसाला विचारायचं कसं, याचीच लोकांना लाज वाटली बघा.

एका उन्हाळ्यात कोठारी आपणहून उतरला. आतली हवा बरी आहे का ते बघायला आधी दिवा सोडला, तो विझला नाही म्हणून आत गेला. कडेनं उकरत तळ गाठला, तर ज्वारी ओली आणि वास मारणारी. कुठून तरी पाणी झिरपत होतं. तसाच तो पाटलांकडे गेला.

"पाटील, लोकांना सांगायला हवं."

"वेडे की काय तुम्ही!" पाटील म्हणाले. "उद्याच्या उद्या सगळं गाव पोती घेऊन दारात उभं राहील. वरची ज्वारी चांगली आहे ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची!"

कोठाऱ्याला ते पटलं नाही, पण सांगायचा धीरही झाला नाही. पेवाचं तोंड त्यानं पुन्हा लिंपून टाकलं.

सुगीला नवी ज्वारी पडली. येईल त्याला तो वरची मापून देई. "तुम्ही आहात म्हणून घोर नाही," असं कुणी म्हटलं, की त्या दिवशी बिचाऱ्याला घास गोड लागत नसे. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता दोन पावसाळे गेले. माणूस नुसता खंगला.

तिसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. सगळं गाव पेवावर जमलं. वरची हातभर ज्वारी चांगली निघाली. त्याखाली नुसता काळा लगदा!

लोक खवळले. सगळ्यांत मोठ्यानं पाटील ओरडले, "मला काय ठाऊक? पेव याच्या ताब्यात!" कोठारी मान खाली घालून शिव्या खात उभा राहिला. त्याला उलट हलकंच वाटलं.

गर्दी पांगली तरी एक म्हातारी टोपली घेऊन बसून होती. घरी तिची नातवंडं उपाशी होती.

"आजी, चुकलो मी," कोठारी म्हणाला. "तुम्ही सगळे घाबरून धावत याल, म्हणून बोललो नाही."

"आलोच असतो रे धावत," म्हातारी म्हणाली. "तुला चार शिव्याही दिल्या असत्या. मग सगळ्यांनी मिळून ज्वारी उपसली असती, उन्हात घातली असती. निम्मीअधिक वाचली असती की! आणि आम्ही तरी मेल्यांनी कधी विचारलं तुला?"

ती रिकाम्या टोपलीनिशी घरी गेली. त्या वर्षी अर्धं गाव पोटामागं परमुलखात गेलं. काही घरं परतलीच नाहीत. पुढे सुगी आली, चांगली आली, पण पेवात कुणी एक दाणा टाकला नाही.

तात्पर्य सांगून सांगून जीभ झिजली, तरी पुन्हा सांगतो: सगळ्यांचं धान्य ज्याच्या हाती, त्याला तळ दाखवायला सांगणं हा अपमान नव्हे, आणि नासल्याचं वेळेवर सांगितलं तरच ते उन्हात वाळवता येतं.