गोजराचा राहिलेला खडक

राजाला घोडा आणि प्रजेला आपले दोन पाय, एवढीच वाहनं होती त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर हातातलं काम ठेवून ऐकावी. यातली निम्मी चूक मोठ्यांची आहे.

त्या राज्यात पाणी शोधायची विद्या शिकवणारं एक विद्यापीठ होतं. जमिनीवर उभं राहून जमिनीखालचं पाणी ओळखायचं, अशी ती विद्या. चार वर्षांची. पहिल्या वर्षाला पाच विषय असत: माती, उतार, झाडं, वारुळं आणि खडक.

तिथून तीन दिवसांच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला विहीर नव्हती. बायका दोन कोसांवरच्या झऱ्यावरून पाणी आणत. त्या गावानं गोजरा नावाची हुशार मुलगी निवडली आणि विद्यापीठात धाडली. तिच्या आईचे गुडघे गेलेले होते. म्हणून गावातल्या बायकांनी पाळी लावली. गोजरा शिकून येईपर्यंत तिच्या आईची घागर रोज एकेकीनं भरायची.

गोजरा वर्षभर खूप शिकली. म्हणजे घोकलं म्हणा. आणि वर्षाच्या शेवटी खडकाच्या बाईंनी तिला बाजूला बोलावलं. या बाईंना मुलं मागून पाषाणबाई म्हणत.

"गोजरा, तुझे चार विषय सुटले. खडक राहिला."

गोजरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली.

"पौषातल्या पुनवेला पुन्हा बसता येतं," बाई म्हणाल्या. "पण तू स्वतः येऊन मागायचं. 'माझा राहिला, मला पुन्हा बसवा,' असं तोंडानं म्हणायचं. निरोप चालत नाही. पुनव चुकली तर विद्यापीठाचं दार बंद."

"हो बाई," म्हणून गोजरा वळली. काय चुकलं हे तिनं विचारलं नाही. विचारायला उभी राहिले तर रडू येईल, एवढीच तिला भीती. पुन्हा बसायचं तेव्हाच मागून टाकायचं, तर तेही नाही. मूर्खपणा! पण त्या वयात तो सगळ्यांनी केलेला असतो.

सुट्टी लागली. ती गावाकडं निघाली. वाटेत तिनं वाक्य जुळवलं, "आई, माझा एक विषय राहिला." एका बाभळीला म्हणून दाखवलं. एका शेळीला म्हणून दाखवलं. शेळीनं काही मनावर घेतलं नाही, तेवढाच धीर आला. पण गाव जवळ येत गेलं तसं ते वाक्य बारीक होत गेलं.

वेशीवर सगळं गाव उभं होतं. डफ वाजत होता. पाटलांच्या हातात झेंडूचा हार होता.

"काय गं पोरी, झालीस ना पास?"

गोजरानं हाराकडं पाहिलं, आईच्या गुडघ्यांकडं पाहिलं. आणि हो म्हणून मान हलवली.

बास. एवढंच केलं तिनं. शब्दसुद्धा बोलली नाही.

तिला वाटलं, चार दिवस कौतुक होईल, मग मी हळूच आईला सांगीन आणि पुनवेआधी परत जाईन. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पाटील दारात आले. मागं भिवाकाका होता. भिवाकाका म्हणजे तिचा सख्खा चुलता. त्याच्या खांद्यावर पहार होती.

"चल, विहिरीची जागा दाव," पाटील म्हणाले.

"आत्ता? अजून तीन वर्षं शिकायचंय मला."

"पहिलं वर्ष पास झालीस की! खाली पाणी आहे की नाही एवढं तर कळतंय ना?"

आता काय सांगणार? ती गावाभोवती फिरली. आंब्याची झाडं मागं टाकून एका जुन्या उंबरापाशी थांबली. उंबराखाली वारूळ होतं. उतार त्याच बाजूला येत होता. मातीही ओल धरणारी होती. चार खुणा पटत होत्या. पाचवीचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. चारांवर भागेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून पहारी चालू झाल्या.

तुम्ही कधी आपल्याच खोट्याचा आवाज ऐकलाय? गोजरा रोज ऐकत होती. सकाळी भाकरी थापायला बसली की, ठण्. दुपारी धुणं वाळत घालताना, ठण्. घास तोंडात घेतला की तो तिथंच फिरत राही. एक पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, खोल गेले. दोन पुरुष गेले. बायका झऱ्यावरून दोन कोस पाणी आणत आणि येऊन मातीच्या पाट्या उचलत. अंबूकाकू नावाची शेजारीण आपल्या पाळीला तिच्या आईची घागर भरून ठेवी आणि तशीच खणायला जाई.

"यंदाचं शेवटचं वर्ष गं बाई हे," अंबूकाकू हसत म्हणायची. "पुढच्या उन्हाळ्यात मी नुसती पाय पसरून बसणार. नवऱ्याला म्हणणार, जा, तूच शेंदून आण!"

सगळ्या बायका हसायच्या. गोजराही हसायची. हसून झालं की ती तिथून उठून जायची.

ती चंद्राकडं बघून दिवस मोजू लागली. पौषातली चतुर्थी गेली, सप्तमी गेली. आज सांगू, उद्या सांगू. आईनं एकदा विचारलंच.

"जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"तिकडं काही झालं का?"

"काही नाही गं! सारखं काय विचारतेस?" गोजरा खेकसली. आईनं तिचं ताट झाकून ठेवलं. खरं तर विचारणारं माणूस समोर आलं होतं, दार उघडं होतं, आणि तिनंच ते लोटून घेतलं.

एकादशीला सकाळी पहारीचा आवाज बदलला. ठण् नाही, खण्ण! खालून भिवाकाका ओरडला, "काळा दगड लागला! ठिणग्या उडायल्यात!"

सगळे काठावर जमले. पाटलांनी गोजराला पुढं घेतलं.

"बोल पोरी. हा दगड फुटला की खाली झरा आहे, की दगडाला बूडच नाही?"

हाच तो प्रश्न. नेमका खडकाचा. गोजराचं तोंड उघडलं. मला ठाऊक नाही, माझा खडक राहिलाय, हे शब्द जिभेवर आले होते. पण समोर चाळीस माणसं होती, धुळीनं माखलेली, तिच्या तोंडाकडं बघणारी.

"अजून हातभर," ती म्हणाली.

"ऐकलंस का भिवा? अजून हातभर!"

काकानं दोन्ही हातांनी पहार उचलली आणि जीव खाऊन मारली. दगडाची कपची उडाली ती थेट त्याच्या डाव्या डोळ्यात.

दोर लावून त्याला वर काढलं. धोतराचा सोगा डोळ्यावर दाबून तो उंबराखाली बसला. सोगा लाल होत गेला. गावच्या वैद्यानं डोळा पाहिला, धुतला, पट्टी बांधली आणि कोणाकडंही न बघता म्हणाला, "हा गेला."

तेवढ्यात एक जण पहार घेऊन विहिरीत उतरू लागला. गोजरा म्हणाली होती ना हातभर!

"उतरू नका!" गोजरा किंचाळली. "मला ठाऊक नाही! मला खडकातलं काही येत नाही. माझा तो विषय राहिला. मी पास झाले नाही."

उतरणारा दोर धरून तिथंच थांबला. मग अंबूकाकूनं डोक्यावरची पाटी खाली आपटली.

"वर्षभर तुझ्या आईची घागर वाहिली मी. माझ्या पाळीचा एक दिवस चुकवला नाही. नापास झालीस त्याचं मला काय नाही गं. पण काल माझ्याबरोबर खिदळत होतीस ना? तेव्हा ठाऊक होतं तुला!"

गोजरा ती पाटी उचलायला वाकली, तोच पाटील कडाडले.

"एक विषय राहिला म्हणून आम्ही तुला वेशीबाहेर काढणार होतो? एक वर्ष थांबलो असतो! आज महिना मातीत गेला आणि माणसाचा डोळा गेला. सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही हार घेऊन उभे होता," गोजरा म्हणाली. "मी वेशीतून घरी जाईपर्यंतसुद्धा थांबला नाहीत. झालीस ना पास, असंच विचारलंत."

पाटील एक पाऊल मागं सरले. पोरं दारात पाय ठेवतात न ठेवतात तोच निकाल विचारणाऱ्या सगळ्यांनी हे नीट ऐकून ठेवा. तरी सांगतो, खोटं गोजराचं होतं. हारानं मान हलवली नव्हती.

उंबराखालून भिवाकाकाचा आवाज आला. "पुन्हा बसायला मिळतं का नाही?"

"मिळतं. पुनवेला."

"आज काय आहे?"

"एकादशी."

"वाट किती दिवसांची?"

"तीन."

"मग हितं काय करतीस?" काका ओरडला. "रडायचंय तर चालता चालता रड!"

गोजरा तशीच निघाली. पायात वहाणा घालायचंही सुचलं नाही. तीन दिवस चालली. पाय फुटले, ताप भरल्यासारखं अंग झालं, आणि डोक्यात एकच, पुनव चुकली तर? चतुर्दशीला दुपारी ती बाईंच्या ओसरीवर पोचली. तिथं दहा-बारा मुलं बसली होती. तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

"बाई, माझा खडक राहिला. मला पुन्हा बसवा."

ज्या वाक्याला ती महिनाभर भ्याली, ते एका श्वासात संपलं. मुलांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागली.

बाई म्हणाल्या, "बसवते. का राहिला ते ठाऊक आहे?"

"नाही."

"विचारलं होतंस?"

"नाही."

"मग आता ऐक. तू दगड रंगावरून पाठ केलेस. फळीवर मांडलेले, पुसलेले, कोरडे. परीक्षेत मी ओले दगड ठेवले. ओला झाला की सगळाच दगड काळा दिसतो. तू घाबरलीस आणि अंदाजानं नावं सांगत सुटलीस. दगड रंगावरून ओळखायचा नसतो. त्याला हातोडीनं ठोकायचं आणि ऐकायचं: खणखणला तर एकसंध, पोकळ वाजला तर पाणी धरणारा. झाडावरून ओल कळेल, वारुळावरून कळेल. पण पाणी राहणार की नाही, ते खडक ठरवतो."

एवढंच होतं ते. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळाचं. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं.

बाईंनी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि ओल्या दगडांची पाटी पुढं ठेवली. गोजरा दिवस मावळेपर्यंत ठोकत राहिली. चुकली की बाई म्हणत, "पुन्हा." दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. काही दगड चुकले, बरेच बरोबर आले. ती सुटली, पण काठावर.

गावानं तो उन्हाळाही दोन कोस तुडवून काढला. त्या कोरड्या खड्ड्यात गुरं पडू नयेत म्हणून त्याच्याभोवती काट्या लावल्या. पुढच्या सुट्टीत गोजरा आली तेव्हा वेशीवर डफ नव्हता, हारही नव्हता. पाटील एकटेच तिच्या घरी आले. आधी पाणी प्यायले, तिची ख्याली-खुशाली विचारली, आणि मग म्हणाले, "पुन्हा खणायचं म्हणतो. या खेपेला नक्की सांगशील?"

"नक्की नाही सांगता येणार," गोजरा म्हणाली. "चार खुणा मला येतात. खडक बेताचा येतो. तीन जागा दाखवते. प्रत्येक ठिकाणी आधी थोडं खणू, दगड ठोकून बघू. खणखणणारा एकसंध लागला तर त्याच दिवशी सोडून देऊ."

लोक कुरकुरले. निम्मेच आले. अंबूकाकू आली, पण गोजराशी बोलली नाही. पहिली जागा फसली. गोजरा म्हणाली, "चुकलं माझं. दुसरी बघू." दुसरीही फसली. ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या ठिकाणी मुरूम लागला. त्याखाली पोकळ वाजणारा मऊ खडक लागला. चार पुरुष खोल गेल्यावर भिंतीतून ओल सुटली आणि संध्याकाळपर्यंत खणणाऱ्यांचे घोटे बुडाले.

सगळे काठावर धावले. भिवाकाकाही आला. डावा डोळा मिटलेलाच होता. मान पुरती वळवून, उजव्या डोळ्यानं तो वाकून पाहू लागला. गाव नाचत होतं आणि गोजरा त्या वळलेल्या मानेकडं बघत होती. जन्मभर तो असाच वळून बघणार होता. पाणी लागलं, पण तेवढं मात्र कोणाला भरून देता आलं नाही.

म्हणून सांगतो: विषय राहिला तर एकाचाच राहतो आणि पुन्हा सुटतो; पण तो लपवला, की त्याची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.