रंगारणीचे निळे हात

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळी राजेसुद्धा पहाटे उठत. एका नदीकाठच्या नगरात एक रंगारीण राहत होती. तिचा नवरा बैलांच्या तांड्याबरोबर मीठ विकायला दूर देशी जाई, तो सणावारालाच घरी दिसे. घरात थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलं पंतोजींच्या शाळेत जात आणि आई राजाच्या रंगखान्यात.

तिचे हात कोपरापर्यंत निळे. किती घासले तरी निळेच. निळीचं काम मोठं नाजूक असतं बरं का. रांजणातलं पाणी हिरवट दिसतं आणि त्यात बुडवलेलं कापडही हिरवटच बाहेर येतं. ते दोरीवर टाकलं, त्याला वारा लागला, की बघता बघता निळं होतं. रांजण मात्र झाकलेला हवा. तो उघडा राहिला, की आतली नीळ नासते.

आता हिच्या घरची तऱ्हा ऐका. दिवसभर आपण घरी नसतो, ही गोष्ट तिच्या मनाला कायम टोचायची. त्यात शेजारणी टोमणे मारायच्या, आई कामावर आणि पोरं रामभरोसे. म्हणून घरी असेल तेवढ्या वेळात ती मुलांना इकडची काडी तिकडे करू देत नसे. भाकरी तीच करी, घास तीच भरवी, दौत तीच भरी, लिहायचे बोरू तीच तासून देई. धाकटा आठ वर्षांचा घोडा झाला, तरी रोज सकाळी मान वर करून उभा राहायचा आणि आई त्याचा भांग पाडायची. मुलं वाईट नव्हती हो. त्यांना कुणी काही करूच दिलं नव्हतं.

मग रोज काहीतरी अडायचंच. पंतोजींचा नियम कडक होता. ज्याच्याकडे लिहायला बोरू नाही, त्याने तो मिळेपर्यंत बाहेर चिंचेखाली उभं राहायचं. बोरूचं टोक मोडलं, की धाकटा चिंचेखाली रडत उभा राही, थोरली धावत रंगखान्यात येई, आणि आई हातातलं टाकून शाळेकडे पळे. अशाच एका धावपळीत रांजणावर झाकण ठेवायचं राहिलं आणि भरलेला रांजण नासला.

रंगखान्यातली मुकादमीण म्हणजे एक म्हातारी. जीभ तिखट, पण मन निर्मळ. ती म्हणाली, की जत्रेचं मोठं निशाण आता तू रंगवायचं. तेही बिघडलं, तर राजा तुला कामावर ठेवणार नाही आणि मलाही तुझ्यासाठी शब्द टाकता येणार नाही. रंगारणीला घोर लागला. हे काम गेलं, तर चूल कशी पेटायची आणि पोरांची शाळा तरी कशी चालायची?

निशाणाच्या दिवशी तिने पाट्या, बोरू, शिदोऱ्या सगळं उंबऱ्याशी मांडून ठेवलं आणि मुलांना पुन्हा पुन्हा बजावलं. पण व्हायचं ते झालंच. निशाण नुकतं रांजणात उतरलं होतं, तोच थोरली धापा टाकत दारात. धाकट्याचा बोरू मोडला होता, तो चिंचेखाली उभा होता आणि आईलाच घेऊन ये म्हणत होता.

रंगारणीच्या हातातून निशाण सुटायला लागलं. तेव्हा म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"हे निशाण रांजणातच ठेवून दिलं, तर निळं होईल का ग?"

"नाही."

"मग कशाने होतं?"

"बाहेर काढल्यावर. वारा लागला की."

"एवढं तुला कळतं, आणि स्वतःच्या पोरांना मात्र जन्मभर रांजणात ठेवायला निघालीस."

रंगारणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग रांजणातले हात न काढताच ती लेकीला म्हणाली, "घरी फळीवर चाकू आहे. दोघं मिळून बोरू तासा. बोटं सांभाळा. मी येणार नाही."

थोरली बघतच राहिली. आईने असं कधी म्हटलंच नव्हतं. मग ती वळली आणि घराकडे पळत सुटली.

तो सबंध दिवस आईचा जीव टांगणीला लागला होता. पोराने बोट कापून घेतलं असेल का, अजून रडत असेल का, हेच मनात. निशाण बाहेर निघालं ते हिरवटच. दोरीवर चढलं, नदीकडून वारा आला आणि ते कडेकडेने निळं होत गेलं. म्हातारीने नुसती मान डोलावली. तिच्याकडून तेवढं मिळालं, म्हणजे पुष्कळ.

दिवेलागणीला रंगारीण धावतच घरी आली. दारात धाकटा उभा. बोटाला चिंधी बांधलेली आणि हातात एक जाडजूड, वाकड्या टोकाचा बोरू. आधीचे दोन फुकट गेले, तोवर पंतोजींनी बाहेरच ठेवलं, अर्धा धडा बुडाला, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, तेही छाती फुगवून. आत थोरलीने भाकरी टाकली होती. एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. आईने ती सगळी खाल्ली आणि खाता खाता रडली. पोरांना वाटलं, भाकरी बिघडली म्हणून रडते आहे.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने आपला भांग आपणच पाडला. चांगला नागमोडी. सवयीने आईचा हात पुढे गेला.

"राहू दे आई," तो म्हणाला, "मला येतो."

तिला जरा लागलं, खोटं कशाला बोला? पण तिने तो निळा हात पदराला पुसला आणि त्याला तसंच शाळेत जाऊ दिलं.

निशाण जत्रेत फडकलं आणि रंगारणीचं काम टिकलं. धाकटा त्यानंतरही अधूनमधून चिंचेखाली उभा राहिला, पण रंगखान्यात निरोप काही आला नाही. तो तिथेच बसून नवा बोरू तासायचा आणि आत जायचा. रांजणही पुन्हा नासला नाही. आणि शेजारणी? त्या बोलतच राहिल्या. त्यांच्या तोंडावर ठेवायला झाकण कुठून आणायचं?

तात्पर्य : आईची माया मुलाला भिजवते खरी, पण पक्का रंग चढतो तो त्याचं त्याला करू दिल्यावरच.