ईडलिंबाचं मीठ

घ्या, हात पुढे करा. आमच्या खडकजाईच्या देवळात पेढा मिळत नाही, हे चिमूटभर पिवळसर मीठ मिळतं. जिभेवर ठेवा आधी, नाकं मग मुरडा. घरोघरी बनतं हे, आणि त्याची गोष्ट सांगायची पाळी आम्हा गुरवांची. आमचाच मूळपुरुष त्यात हट्टी निघाला, तेव्हा लपवून काय उपयोग!

देवळामागे ईडलिंबाचं एकच झाड होतं म्हणे. दर शुक्रवारी सिदू गुरव एक फळ पिळून देवीचा तांब्याचा मुखवटा उजळायचा आणि साल उकिरड्यावर टाकायचा. माणसानं ते फळ नेलं तर झाड वाळतं, असा समज होता.

एका वर्षी गावात ताप आला. कोंडाक्काची सून सगुणा तापातून उठली, पण तिच्या तोंडाची चवच गेली. पेजेचा घोट घेईना. अंगावर नुसती हाडं राहिली. कोंडाक्का देवळात आली.

"सिदूबा, एक फळ दे."

"देवीचं आहे, आक्का. मागू नकोस."

"मग साल तरी नेते. ती तर तू टाकूनच देतोस."

साल तिनं पांढऱ्या गरासकट मिठात कुटली. कडू जहर झाली! सगुणानं थुंकून तोंड फिरवलं. नवी साल मिळायची ती पुढच्या शुक्रवारी, सहा दिवसांनी, आणि सून तोवर टिकेल असं दिसत नव्हतं. म्हातारी परत येऊन पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

झाडावर एकच पिकलं फळ उरलं होतं. सिदूनं आंघोळ केली, देवीपुढे उभा राहिला. "आई, चुकत असेन तर झाड वाळव, पण ती पोर जेवू दे," म्हणाला आणि फळ तोडून आक्काच्या ओटीत घातलं.

या वेळी कोंडाक्कानं विळीच्या धारेनं वरची पिवळी सालच तेवढी खरवडली. रस खड्या मिठात मुरवला, साल त्यात कालवून चुलीच्या वैलावर मंद उबेत सुकवली, मग जिरं घालून कुटलं. संध्याकाळी पेजेवर चिमूटभर टाकलं. घरभर वास सुटला. सगुणानं एक घोट घेतला, मग दुसरा. मग वाटी पुढे केली. "आत्याबाई, अजून आहे का?"

गाव मात्र झाड वाळायची वाट बघत बसलं. चैत्रात ते फुलांनी पांढरं झालं. आता अंगणाअंगणांत दिसतात ती सगळी त्याचीच रोपं.

आजही गावात कुणाच्या घासाची चव गेली, की त्या शुक्रवारचं देवीचं फळ त्या घरी जातं. मुखवटा तसाच काळवंडलेला राहतो. परगावचे लोक विचारतात, आज देवीला घासलं नाही का? आम्ही सांगतो, नाही, आज गावात कुणीतरी जेवायला बसलंय.