पितळी पोपट आणि महाराजांचे जोडे

"उद्यापासून रुग्णालयात नाडी मोजायची ती याच पोपटानं!" वेणापूरच्या दुर्जयराजांनी भर दरबारात फर्मान काढलं.

पोपट पितळी होता, नागेशशास्त्र्यांनी बनवलेला. त्याच्या पंजात मनगट दिलं की तो चोचीनं नाडीचा आकडा दाखवायचा. राजा त्याच्यावर असा लट्टू, की उठता-बसता नाडी मोजून घ्यायचा!

"पण महाराज," म्हातारे राजवैद्य कळवळले, "माझं वेळ मोजायचं घटिकापात्र लावून ठोके मोजले तर एक आकडा येतो, आणि हा भलताच सांगतो!"

"कधी जास्त, कधी कमी," शास्त्रीबुवा हसले. "सगळ्या रोग्यांची सरासरी काढा. दोघांची तंतोतंत सारखी!"

इतक्यात गर्दीतून तानू पुढे आली. राजाचे जोडे शिवणाऱ्या भिकोबाची ही लेक. भिकोबा रुग्णालयात पडून होता.

"महाराज, पात्र म्हणतं बाबांची नाडी मंद, पोपट म्हणतो धावतेय! पोपटाचं ऐकून थंड काढा दिला, तर बाबा गारठून जातील!"

राजा हट्टाला पेटला. "खरी नाडी किती, हे देवालाच ठाऊक! तेव्हा पोपटाला खोटं म्हणायचं नाही, पात्राला खरं म्हणायचं नाही, आणि तरी पोपट नको हे मला पटवायचं. सकाळपर्यंत! नाहीतर पहिला थंड काढा तुझ्या बापाला!"

तानू रडतच घरी आली. बाबांच्या जोडे बेतायच्या लहान-मोठ्या लाकडी साच्यांवर नजर पडली, आणि रडता रडता ती खुदकन हसली.

सकाळी तिनं राजापुढे जरीचे नवेकोरे जोडे ठेवले. राजानं हौसेनं पाय घातले. एक जोडा होडीएवढा, दुसऱ्यात जेमतेम बोटं मावली! राजा उठला, दोन पावलं लंगडला, आणि मोठा जोडा उडाला तो थेट सेनापतींच्या मांडीवर! तोल सावरायला राजानं प्रधानजींची पगडी धरली, तीही हातात आली!

"हे काय शिवलंस, पोरी?"

"मापातच आहेत, महाराज! एक चार बोटं मोठा, एक चार बोटं लहान. सरासरी काढा, तंतोतंत आपल्या पायाएवढी!"

"खड्ड्यात गेली सरासरी! माझा पाय काय सरासरीनं चालतो?"

"मग माझे बाबा सरासरीनं कसे बरे होतील?"

दरबारात खसखस पिकली. शास्त्रीबुवा चिडले, "मग बघायचं तरी काय?"

"एकेका रोग्याला पोपट आणि पात्र दोन्ही लावा. दर वेळी फरक किती पडतो, तो बघा. जोड्यात अर्ध्या बोटाचा फरक चालतो, चार बोटांचा नाही. नाडीत किती चालेल, ते वैद्यबुवांना विचारा!"

"दोन-चार ठोके चालतील," राजवैद्य उसळून म्हणाले. "हा पोपट तर वीस-वीस ठोके इकडेतिकडे उडतो!"

"पोपटच तो, उडणारच!" म्हणत राजा असा खदखदून हसला, की सिंहासन हललं. "शास्त्रीबुवा, पोपट घरी न्या आणि त्याला जरा बसायला शिकवा! वैद्यबुवा, भिकोबाला तुमचाच काढा! आणि तानू, नदीकाठची आमराई आजपासून तुझी!"