कड्यावरून घेतलेलं नाव

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. डोंगर मोजायला राजाची माणसं अजून फिरकली नव्हती, तेव्हा एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. लहानांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट तुमच्यासारख्याच एका शहाण्या माणसाची आहे.

त्या कड्याच्या पोटाला आग्या माशांची मोहोळं लटकत. एकेक मोहोळ सुपाएवढं. गावाचं सगळं वर्ष त्या मधावर निघे. वेलींचा पीळदार दोर वर झाडाला वेढा देऊन बांधत, एक जण त्याला लोंबकळत खाली उतरे आणि वर दोर धरायला त्याचा मेहुणा बसे. बायकोचा भाऊच का? तर ज्याला बहिणीचं कुंकू राखायचं आहे त्याच्या हातून दोर सुटत नाही, असं गावाचं म्हणणं.

आणखी एक रीत होती. उतरणाऱ्याने आधी कडेला उभं राहून, साऱ्या गावादेखत, मोठ्याने सांगायचं की मी कोणाच्या भरवशावर उतरतो आहे. कोणी वनदेवाचं नाव घेई, कोणी आपल्या वाडवडिलांचं.

या कामातला सगळ्यांत तरबेज गडी बाहेरून आलेला होता. घरजावई. म्हणून लहानथोर सगळे त्याला दाजीच म्हणत. दाजी आईच्या मांडीवर असल्यापासून प्रभू येशूला मानत होता. त्या गावात ते नाव कोणाला ठाऊकही नव्हतं.

तसा दाजी बोलका. भाकरीतल्या मिठावर नाहीतर शेजाऱ्याच्या बैलाच्या शिंगांवर तासभर बोलेल. पण कडेला उभा राहिला की त्याचे नुसते ओठ हलत. प्रभूचं नाव तो मनातल्या मनात घेई. "जावई लाजतोय," असं म्हणून लोक हसत आणि सोडून देत.

दाजी स्वतःची समजूत घाली, "देव काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे? आपण चांगलं वागावं, म्हणजे झालं. उगाच लोक हसतील, बायकोला माहेरात मान खाली घालावी लागेल." खरं सांगू का? त्याला भीती वाटत होती. आग्या मोहोळात हात घालणारा हा गडी चार माणसांच्या हसण्याला भ्यायचा.

एका वर्षी ऐन हंगामात दाजीचा गुडघा सुजला. इतकी वर्षं त्याचा दोर धरणारा मेहुणा म्हणाला, "औंदा मी उतरतो. दोर तुमी धरा."

मेहुणा दोन लेकरांचा बाप, अंगाने धट्टाकट्टा, पण खाली कधी गेला नव्हता. कमरेला दोर बांधताना त्याने गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. त्याने हळूच विचारलं, "दाजी, अठरा वर्सं बगतोय. तुमास्नी खाली भ्या वाटत न्हाई. कशाच्या जोरावर उतरता, खरं सांगा की."

नाव दाजीच्या जिभेवर आलं. पण मागे सगळं गाव उभं होतं, पाटील उभा होता.

"सवयीनं जमतं," दाजी म्हणाला. "गाठ नीट आवळ."

मेहुणा काहीतरी पुटपुटला आणि उतरला.

तो मोहोळापाशी पोचला आणि वारा फिरला. माशा पिटाळायला केलेला ओल्या पाल्याचा धूर भलतीकडे गेला आणि माशा उठल्या. सगळा कडा घोंघावू लागला. मेहुण्याने डोळे गच्च मिटले आणि कपारीतून आलेल्या एका मुळाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

दाजीने दोर ओढला. पाच गडी मदतीला धावले. दोर ताणला गेला, कडेच्या दगडावर घासला आणि त्याचा एक पदर तटकन तुटला. मेहुणा मूळ सोडायला तयार नव्हता.

"मूळ सोड! आमी वर घेतो!" दाजी ओरडला.

"न्हाई सुटत!" खालून आवाज आला. माशा त्याला डसत होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर वर ओढायला जिवंत माणूस उरला नसता. मग पुन्हा त्याचा आवाज आला, रडवेला. "कुणाच्या भरवशावर सोडू? तुमी कुणाच्या भरवशावर सोडता, त्ये तरी सांगा!"

दाजीने मागे पाहिलं. त्याची बायको तोंडावर हात दाबून उभी होती. खाली तिचा भाऊ होता. दाजी फरफटत पार कडेपर्यंत गेला आणि छातीत होता तेवढा सगळा श्वास घेऊन ओरडला, "येशूच्या! माझ्या प्रभू येशूच्या! त्यो मरणाच्या तळाला जाऊन आलाय, या दरीचं त्याला काय? त्यानं मला कदी सोडलं न्हाई. तुलाबी सोडायचा न्हाई. उघड हात!"

तो आवाज समोरच्या डोंगरावर गेला आणि परत आला. येशूच्या, असं पहिला डोंगर म्हणाला. मग त्याच्यामागचा म्हणाला, मग त्याच्याही मागचा. ज्या दरीने ते नाव कधी ऐकलं नव्हतं, ती सगळी दरी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या नावाने भरून गेली. गाव जागच्या जागी उभं राहिलं. एकही माणूस हसला नाही. पाटलाने पागोटं काढून हातात घेतलं. का घेतलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दाजीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण एवढं मोठं नाव एवढ्याशा तोंडात कोंडून ठेवलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

माशा डसतच होत्या. पण मेहुण्याची बोटं एकेक करून उघडली. त्याने मूळ सोडलं आणि दोराला लोंबकळला. सहा जणांनी त्याला वर घेतलं.

तो गवतावर पडून राहिला. चेहरा सुजून भोपळा झालेला, एकच डोळा किलकिला उघडा. दाजी त्याच्या तोंडात पाणी घालू लागला.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "ह्ये नाव तुमाला कवापासनं ठावं हुतं?"

"ल्हानपनापासनं."

मेहुण्याने पाणी पाजणारा हात बाजूला सारला. मग म्हणाला, "आमचा बा जाताना तीन दीस खाटंचा खूर धरून बसला हुता. म्होरं अंधार हाय, तितं माजं कोन हाय, म्हनून लेकरावानी इचारत हुता. तुमी उशाशी हुता. असंच पानी पाजत हुता."

"व्हय," दाजी म्हणाला.

"आन् त्याला ह्ये सांगितलं न्हाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दाजीला सोपं गेलं असतं. तो तिथेच, साऱ्या गावादेखत, तोंड झाकून रडला.

पुढे दाजी गावातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसू लागला आणि प्रभूचं नाव उघड सांगू लागला. कोणी ऐकलं, कोणी हसलं, एकाने तर कुत्रं अंगावर सोडलं. दाजी सांगत राहिला. मेहुणा आणि दाजीची बायको, दोघंही त्याच्यासोबत प्रार्थनेला बसू लागली. पण एका म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते दाजीच्या मनातून मरेपर्यंत गेलं नाही.

म्हणून, बाळांनो, ज्या प्रभूने आपल्याला तारलं त्याचं नाव वेळेवर आणि उघड सांगावं. आपण गप्प बसलो तर त्या गप्प बसण्याचं मोल दुसऱ्याला द्यावं लागतं.